ट्रॅकसाठी आरसी ३९०: आधी दात, मग क्लिक

शोरूममधून निघालेली बाइक रस्त्यासाठी जुळवलेली असते. मागे बसणारा माणूस, खड्डे, स्पीडब्रेकर, ट्रॅफिकमधलं दुसऱ्या गिअरचं रांगणं, सगळ्याला पुरेल अशी तडजोड त्यात असते. ट्रॅकवर ही तडजोड नको असते. तिथे पोचल्यावर बहुतेकांचा पहिला हात सस्पेंशनच्या नॉबकडे जातो आणि स्प्रॉकेटचा (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चकतीचा) विचार होतो सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा आहे. दात बदलले की मागचा ॲक्सल सरकतो, व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) बदलतो, थ्रॉटल दिल्यावर मागचा भाग किती बसणार तेही बदलतं. मग आधी मोजलेला सॅग (वजनाने सस्पेंशन किती दबतं ते माप) आणि जुळवलेले क्लिक (नॉब फिरवण्याचे टप्पे) वाया जातात. म्हणून इथे आधी गिअरिंग, मग सॅग, आणि सगळ्यात शेवटी डँपिंग, म्हणजे सस्पेंशनच्या हालचालीला घातलेला लगाम.

उदाहरणाला केटीएम आरसी ३९० घेऊ. चाकणला बनते, आपल्याकडच्या ट्रॅक-डेजना हमखास दिसते, आणि तिचे आकडे हाताशी आहेत: ३७३ सीसी, ९,००० आरपीएमला ४३.५ पीएस, ७,००० ला ३७ एनएम टॉर्क. दुसरी बाइक असेल तर रीत हीच, आकडे तिच्या मॅन्युअलमधून घ्या.

वेगाचा तक्ता

आरसी ३९० च्या प्रायमरीचं (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या गिअरजोडीचं) गुणोत्तर ८०/३०, म्हणजे २.६६७. पहिल्यापासून सहाव्यापर्यंत गिअर असे: २.६६७, १.८५७, १.४२१, १.१४३, ०.९५७, ०.८४०. कंपनीची स्प्रॉकेटं पुढे १५, मागे ४५, म्हणजे ३.०.

वेग काढायचं सूत्र सोपं आहे: आरपीएमला चाकाच्या घेराने (मीटरमध्ये) आणि ०.०६ ने गुणा, मग प्रायमरी, गिअर आणि स्प्रॉकेट या तिन्हींच्या गुणाकाराने भागा. उत्तर ताशी किलोमीटरमध्ये येतं.

१५०/६०-१७ या मागच्या टायरचा घेर कागदावर सुमारे १.९२ मीटर. प्रत्यक्षात वजनाने टायर थोडा दबतो, म्हणून स्वतः मोजा. टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करा, सूट-हेल्मेट घातलेला रायडर बसवा, चाक बरोबर एक फेरी पुढे ढकला आणि टेप लावा. वळणात बाइक झुकली की टायर कडेवर चालतो, तिथे घेर आणखी कमी. त्यामुळे त्याच वेगाला आरपीएम तक्त्यापेक्षा जास्त दिसेल. ती चूक समजून तक्ता खोडत बसू नका.

१५/४५ वर दर १,००० आरपीएमला वेग असा येतो: दुसऱ्यात ७.८, तिसऱ्यात १०.१, चौथ्यात १२.६, पाचव्यात १५.१, सहाव्यात १७.२ किमी. पहिला गिअर ट्रॅकवर पिट सोडताना लागतो तेवढाच.

आता दातांचा हिशेब. पुढचा एक दात कमी करणं म्हणजे मागे साधारण तीन दात वाढवणं. १४/४५ चं गुणोत्तर ३.२१, १५/४८ चं ३.२०. पुढचं स्प्रॉकेट स्वस्त, बदलायलाही सोपं, म्हणून सगळे तिथेच जातात. पण ती उडी मोठी असते, जवळजवळ सात टक्क्यांची. मागचा एक दात म्हणजे सव्वादोन टक्के. बारीक जुळवाजुळव मागच्या स्प्रॉकेटनेच होते, तेव्हा ४५ ते ४८ अशी तीन-चार स्प्रॉकेटं जवळ असलेली बरी. शिवाय पुढचं स्प्रॉकेट जितकं लहान तितकी चेन जास्त वाकते, लवकर झिजते आणि स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) रबरी स्लायडरवर जास्त घासते. १४ लावलंत तर दर ट्रॅक-डेनंतर स्लायडर बघा.

सरळ पट्टा फसवतो

गिअरिंग ठरवताना सगळ्यांची नजर सरळ पट्ट्याच्या शेवटच्या आकड्यावर असते. तो आकडा बघायचा, पण आधी मर्यादा म्हणून. सर्वात लांब पट्ट्याच्या टोकाला सहाव्या गिअरमध्ये सुई जास्तीत जास्त ताकदीच्या आरपीएमच्या थोडी पुढे हवी, आणि लिमिटरच्या (इंजिनच्या कमाल आरपीएमच्या मर्यादेच्या) दोन-तीनशे खाली. ही मोकळी जागा दुसऱ्या बाइकच्या मागे, तिच्या हवेच्या आडोशाने जाताना लागते. लिमिटरवर डोकं आपटत ब्रेकिंग पॉइंट गाठलात तर गिअरिंग फार आखूड. सुई ९,००० लाही पोचत नसेल तर फार लांब.

खरी निवड होते ती त्या लांब पट्ट्यावर सोडणाऱ्या वळणात. तिथून ताशी दोन किमी जास्त घेऊन निघालात तर तो फायदा पट्टाभर सोबत राहतो.

समजा अशा वळणातला सर्वात कमी वेग ६२ किमी आहे आणि पट्ट्याच्या टोकाला १५२ किमी लागतात. १५/४५ वर ६२ ला तिसऱ्या गिअरमध्ये ६,१०० आरपीएम, म्हणजे टॉर्कच्या शिखराच्या बरंच खाली, बाइक आळसटलेली. दुसऱ्यात ८,०००, ओढ उत्तम, पण १०,००० म्हणजे फक्त ७८ किमी. बाइक अजून झुकलेली असतानाच गिअर बदलावा लागणार. क्विकशिफ्टर (क्लचविना गिअर बदलू देणारं साधन) असला तरी झुकलेल्या बाइकला तो झटका मानवत नाही. आणि टोकाला सहाव्यात जेमतेम ८,८५०.

१५/४७ लावा: ६२ ला तिसऱ्यात ६,४००, टोकाला ९,२५०. १५/४८: ६,५०० आणि ९,४५०. दोन्ही टोकं सुधारली आणि तिसरा गिअर धरूनच वळण सुटलं. यात ४७ की ४८ हे ठरवायचं बाकीच्या वळणांवरून. ४८ मुळे दुसऱ्या एखाद्या वळणात मध्येच गिअर टाकावा लागत असेल तर ४७. लॅपमध्ये गिअर बदलण्याची संख्या एकाने वाढली तर कागदावरचा फायदा तिथेच संपतो.

प्रत्येक वळण सोयीचं होणार नाही, तो नाद सोडा. दोन-तीन महत्त्वाची वळणं निवडा, ज्यांच्यापुढे लांब पट्टा आहे अशी. हेअरपिनमध्ये चारशे आरपीएम कमी पडले तर क्लच किंचित दाबून निभावता येतं.

आकडे गोळा करायला टॅकोमीटरवर रोखलेला छोटा कॅमेरा पुरतो. जीपीएस लॉगर असेल तर उत्तमच. पहिल्या सेशनमध्ये काही न बदलता चालवा आणि मग बसून प्रत्येक वळणासाठी तीन रकाने भरा: गिअर, सर्वात कमी आरपीएम, गिअर बदलताना बाइक झुकलेली होती की सरळ.

एका ट्रॅकचं गिअरिंग दुसरीकडे चालत नाही. कोईंबतूरचा करी सुमारे २.१ किमीचा आणि आखूड पट्ट्यांचा, तिथे आखूड गिअरिंग चालतं. चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टाईचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट (पूर्वीचा मद्रास मोटर रेस ट्रॅक) ३.७१७ किमी, मोकळा आणि वेगवान वळणांचा, तिथे मधलं काहीतरी. ग्रेटर नोएडाचा बुद्ध ५.१२५ किमी आणि मागचा पट्टा एकटाच किलोमीटरभर, तिथे ३९० ने कंपनीच्या ४५ च्या आसपासच सुरुवात करावी. रेसमध्ये उतरणार असाल तर आधी नियमपुस्तक उघडा. एकाच मॉडेलच्या स्पर्धांमध्ये स्प्रॉकेट बदलायला बंदी असू शकते.

दात बदलल्यावर ॲक्सल कुठे गेला?

५२० मापाच्या चेनचं पिच (दोन पिनांमधलं अंतर) १५.८७५ मिमी. चेन तीच ठेवून कुठल्याही स्प्रॉकेटचा एक दात वाढवला की ॲक्सल पिचच्या चौथ्या हिश्शाने, म्हणजे सुमारे ४ मिमी पुढे येतो. एक दात कमी केला की ४ मिमी मागे जातो. म्हणजे १४/४५ वर ॲक्सल ४ मिमी मागे, तर १५/४८ वर १२ मिमी पुढे. गुणोत्तर जवळपास तेच, पण व्हीलबेसमध्ये १६ मिमीचा फरक. ॲक्सल मागे गेला की बाइक सरळ स्थिर धावते, पण वळायला जड होते. पुढे आला की चपळ होते, मागच्या चाकावर वजन वाढतं, आणि शॉकची तरफ आखूड झाल्याने मागचं सस्पेंशन किंचित कडक वाटतं. स्प्रॉकेट बदलून आल्यावर ‘बाइक आज वेगळीच वळतेय’ असं वाटतं ते बहुतेकदा यामुळे.

उपाय चेनच्या लांबीत आहे. चेनमध्ये कड्यांची एक जोडी, म्हणजे दोन पिच, वाढवली की ॲक्सल १६ मिमी मागे जातो. ४८ लावताना अ‍ॅडजस्टर पुढच्या टोकाला भिडत असेल तर जोडी वाढवलेली चेन घ्या. स्विंगआर्मवरच्या खुणा नोंदवून ठेवा.

दुसरा परिणाम दिसत नाही, पण जाणवतो. थ्रॉटल दिला की चेनचा ताण मागच्या भागाला खाली बसवू पाहतो आणि टायरचा जमिनीवरचा रेटा त्याला वर उचलू पाहतो. पुढचं स्प्रॉकेट लहान केलं की चेनची वरची ओळ स्विंगआर्मच्या पिव्हटच्या (बिजागरीच्या) जवळ येते, बसवणारा जोर कमी होतो. मागचं मोठं केलं की तेवढ्याच रेट्यासाठी चेनवर ताण कमी लागतो. दोन्ही वाटांनी मागचा भाग कमी बसतो. म्हणून गिअरिंग आखूड केल्यावर शॉकचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, आपसूक वाढवू नका. आधी चालवून बघा.

चेनची ढिलाई मॅन्युअलमधल्या आकड्याइतकी ठेवा आणि चाक फिरवून चेन जिथे सर्वात ताणलेली असेल तिथे मोजा. नंतर कोणाला तरी बाइकवर बसवून मागचा भाग दाबा, पुढचं स्प्रॉकेट, पिव्हट आणि ॲक्सल एका रेषेत येईपर्यंत. त्या जागी चेन सर्वात ताणते, आणि तिथेही ती हाताने थोडी हलली पाहिजे. घट्ट चेन सस्पेंशनला अडवते आणि गिअरबॉक्सच्या आउटपुट बेअरिंगवर भार टाकते. मग भलेभले शॉकचे क्लिक फिरवत बसतात.

सॅग

त्याआधी टायरची हवा. टायर कंपनीचा ट्रॅकसाठीचा आकडा मिळाला तर तोच घ्या. नाहीतर रस्त्याच्या रेडियल टायरला नेहमीपेक्षा २ ते ४ पीएसआय कमी भरून सुरुवात करा आणि सेशन संपून आत आल्या आल्या गरम टायर मोजा. हवा चुकीची असेल तर पुढचं सगळं मोजमाप फुकट.

सॅग मोजायला तीन माणसं, एक टेप आणि कागद. सूट, बूट, हेल्मेट सगळं चढवूनच बसा. याचंच वजन आठ-दहा किलो होतं.

मागच्यासाठी ॲक्सलच्या मध्यापासून सरळ वर, शेपटीच्या पॅनलवर टेपचा तुकडा चिकटवा. चाक हवेत लटकत असताना अंतर घ्या, हे पहिलं माप. आता रायडर रेसच्या पवित्र्यात बसेल, एकजण बाइक सरळ धरेल. मागचा भाग दाबून हळूच सोडा आणि मोजा. मग थोडा उचलून हळूच सोडा आणि पुन्हा मोजा. सील आणि लिंकच्या घर्षणामुळे ही दोन मापं वेगळी येणारच. त्यांची सरासरी पहिल्या मापातून वजा करा: तो रायडर सॅग. फरक फार मोठा आला, तर बेअरिंग कोरडी आहेत किंवा फोर्क (पुढच्या सस्पेंशनच्या नळ्या) वाकडा बसला आहे. तो दोष आधी काढा. पुढे फोर्कच्या चकचकीत नळीवर याच पद्धतीने मोजा.

रायडरशिवाय, बाइक नुसती स्वतःच्या वजनाने जेवढी बसते तो फ्री सॅग.

ट्रॅकसाठी सुरुवातीचे आकडे: पुढे रायडर सॅग ३० ते ३५ मिमी. मागे १२०-१३० मिमी प्रवासाच्या बाइकला २५ ते ३०, आरसीसारख्या लांब प्रवासाला ३५ पर्यंत. मागचा फ्री सॅग ५ ते १० मिमी. फोर्कमध्ये प्रीलोड १ मिमीने बदलला की सॅगही जवळपास तेवढाच बदलतो. मागे तरफेमुळे शॉकवरचा १ मिमी चाकावर दोन-अडीच होतो, म्हणून तिथला रिंग नट हुक पान्ह्याने थोडा थोडाच फिरवा.

इथे एक जुना गैरसमज आडवा येतो: प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते. होत नाही. एकसारख्या वेटोळ्यांची स्प्रिंग दर मिलिमीटरला तेवढाच जोर मागते. प्रीलोडने फक्त बाइक किती उंचीवर उभी राहते ते बदलतं. स्प्रिंग बरोबर आहे की नाही हे दोन सॅग शेजारी ठेवले की कळतं, आणि उत्तर वाटतं त्याच्या उलट असतं. रायडर सॅग ३० आणला, पण फ्री सॅग शून्य आला, बाइक पूर्ण ताठ उभी? स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे. तिला इतकं दाबून ठेवावं लागलं की बाइकच्या वजनाने ती हलेचना. रायडर सॅग ३० असताना फ्री सॅग १८-२० आला तर स्प्रिंग कडक आहे. अशा वेळी नॉब फिरवून काही हाती लागणार नाही, स्प्रिंगच बदलावी लागते. वजन ५५ किलो असो वा ९५, कंपनीची स्प्रिंग एकच असते. तेव्हा टोकाच्या वजनाच्या रायडरने पहिला खर्च इथे करावा, एक्झॉस्टवर नंतर.

भारतात विकलेल्या बऱ्याच आरसी ३९० च्या फोर्कवर एकही नॉब नाही. तिथे प्रीलोड बदलायचा तर वरची टोपी उघडून स्पेसर कमी-जास्त करावा लागतो. टीव्हीएस अपाचे आरआर ३१० ला बीटीओमधला (कंपनीच्या बिल्ट-टू-ऑर्डर योजनेतला) डायनॅमिक किट असेल तर समोर प्रीलोड, कॉम्प्रेशन (दबतानाचं डँपिंग) आणि रिबाउंड (परत येतानाचं डँपिंग) हाताशी मिळतात.

केबल टाय आणि तेल

फोर्कच्या नळीवर एक पातळ केबल टाय हलकाच आवळा आणि सीलपर्यंत सरकवून ठेवा. दोन-तीन जोरदार लॅप मारून या. टाय जिथे थांबला तिथपर्यंत फोर्क गेला. सर्वात जोराच्या ब्रेकिंगला फोर्क तळ गाठायला १० मिमीच्या आसपास उरले पाहिजेत. तळ नेमका कुठे हे आधी स्प्रिंग काढून मोजून ठेवलेलं हवं, कारण नळी दिसते तितकी सगळी आत जात नाही.

तीस मिमी शिल्लक असेल तर फोर्क फार कडक, किंवा ब्रेक अजून जोरात मारता येतो. दुसरं कारण जास्त वेळा खरं असतं. टाय तळाला जाऊन टेकला असेल आणि सॅग बरोबर असेल, तर तेलाची पातळी वाढवा. फोर्कमध्ये तेलावरची हवा ही दुसरी स्प्रिंगच असते. हवेची जागा कमी केली की प्रवासाचा शेवटचा तिसरा भाग कडक होतो, सुरुवातीचा मऊपणा तसाच राहतो. ४३ मिमीच्या फोर्कमध्ये प्रत्येक पायात १० मिली तेल टाकलं की पातळी ८ ते १० मिमी वर येते. एका वेळी तेवढंच टाका, दोन्ही पायांत सारखं. जास्त ओतलंत तर सील फुटतात.

डँपिंग

मोजणी नेहमी पूर्ण बंद स्थितीपासून. स्क्रू घड्याळाच्या दिशेने अलगद टेकेपर्यंत फिरवा आणि मग मागे येताना क्लिक मोजा. जोर लावून आवळला तर आतली सुई आणि तिची बैठक खराब होते, आणि मग क्लिकला अर्थ उरत नाही. आधीची स्थिती लिहून ठेवा, मॅन्युअलच्या आकड्यावर आणा, तिथून दोन-दोन क्लिक. एका वेळी एकच गोष्ट.

उभ्या बाइकवर ढोबळ अंदाज येतो. फोर्क जोरात दाबून सोडा: वर आला आणि थांबला तर ठीक, वर येऊन पुन्हा खाली-वर झाला तर रिबाउंड कमी. मागचा भाग दाबून सोडल्यावर वर यायला साधारण एक सेकंद. बाकीचं सगळं ट्रॅकवर.

रिबाउंड गरजेपेक्षा जास्त बंद केला की जे होतं ते ओळखायला कठीण असतं. सस्पेंशन एका उंचवट्यावर दबतं, पूर्ण परत येण्याआधी दुसरा उंचवटा येतो, मग तिसरा. दर वेळी थोडं खाली अडकत जातं आणि शेवटी प्रवासच उरत नाही. रायडरला वाटतं सस्पेंशन कडक झालंय, म्हणून तो कॉम्प्रेशन सोडतो, आणि ते आणखी खाली जातं. वळणाच्या सुरुवातीला ठीक आणि मधल्या लागोपाठ उंचवट्यांवर दणके, असं असेल तर आधी रिबाउंड दोन क्लिक सोडा. समोर रिबाउंड फार मोकळा असेल तर ब्रेक सोडताक्षणी नाक उसळतं आणि बाइक वळणात आत शिरत नाही.

ब्रेक मारताच नाक झपकन खाली जात असेल आणि मागचं चाक हलकं होत असेल तर आधी सॅग तपासा, मग कॉम्प्रेशन दोन क्लिक वाढवा. नॉब नसेल तर किंचित जाड फोर्क तेल, पण त्याने रिबाउंडही जड होतो, हे लक्षात ठेवून.

वळणातून थ्रॉटल देताना बाइक बाहेर पळत असेल तर मागचा भाग फार बसतोय. मागचा प्रीलोड अर्धा फेरा वाढवा, किंवा मागे कॉम्प्रेशन असेल तर दोन क्लिक. त्यानेही भागलं नाही तर फोर्क क्लँपमधून (त्याला धरणाऱ्या पकडीतून) २-३ मिमी वर सरकवा, म्हणजे नाक खाली येतं. १,३४० मिमीच्या आसपास व्हीलबेस असलेल्या बाइकला एका टोकाचा ५ मिमी फरक म्हणजे सुमारे ०.२ अंश. लहान वाटतो, पण हँडलवर लगेच जाणवतो. क्लँपचे बोल्ट टॉर्क पान्ह्यानेच आवळा, दोन्ही बाजूंची उंची व्हर्नियरने सारखी करून.

चेन्नईच्या उन्हात साधा शॉक पंधरा मिनिटांत तापतो, तेल पातळ होतं आणि शेवटच्या लॅपांना मागचा भाग डोलायला लागतो. त्या डोलण्यावरून क्लिक बदललेत तर पुढच्या सेशनच्या पहिल्या लॅपला बाइक जड वाटेल. तुलना करायची ती सेशनच्या त्याच टप्प्यावरची, उदाहरणार्थ नेहमी चौथ्या लॅपची.

पाऊस आला तर पुढे-मागे प्रीलोड थोडा कमी, कॉम्प्रेशन आणि रिबाउंड दोन-तीन क्लिक मोकळे. ओल्यात ब्रेकचा जोर कमी लागतो, त्यामुळे फोर्क तेवढा दबत नाही आणि पुढच्या टायरला जमीन सापडत नाही. गिअरिंगला हात लावायची गरज नाही. वळणात एक गिअर वरचा ठेवा, म्हणजे थ्रॉटलची ओढ मवाळ राहते.